ओर्कांची शिरगणती

२६ जुलै म्हटलं की आपल्याला मुंबईचा पाऊस आठवतो. ही गोष्ट त्याच्या चौतीस वर्षं आधीच्या २६ जुलैची आहे, आणि पार दुसऱ्या किनाऱ्यावरची.

कॅनडाच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रिटिश कोलंबियाचा नकाशा झूम करून बघा. किनारा सरळ असा कुठेच सापडत नाही. हिमनद्यांनी कोरलेल्या खोल, अरुंद खाड्या डोंगरात आत आत शिरलेल्या, समोर हजारो बेटं, आणि मैलोन् मैल रस्त्याचा पत्ता नाही. इथे फिरायचं तर बोट हवी. एम. वायली ब्लँचेट ही बाई नवरा गेल्यावर पाच मुलांना पंचवीस फुटी 'कप्रीस'मध्ये घालून उन्हाळाभर या खाड्यांतून हिंडायची. त्या भटकंतीवरचं तिचं 'द कर्व्ह ऑफ टाइम' १९६१मध्ये आलं. स्वतःच्या बोटीने हा किनारा फिरणारे लोक ते पुस्तक आजही सोबत ठेवतात.

त्याच १९६१ साली, त्याच किनाऱ्यावरच्या सेमूर नॅरोज या चिंचोळ्या सामुद्रधुनीजवळ, सरकारच्या मत्स्य खात्याने एक मशीनगन बसवली. ओर्कांना मारायला! ओर्का म्हणजे किलर व्हेल. नावात व्हेल असलं तरी कुळाने डॉल्फिन, काळापांढरा, नराच्या पाठीवरचा पर माणसाच्या उंचीचा. सॅमन मासे फस्त करतो ही त्याच्याविरुद्धची तक्रार. बंदुकीतून प्रत्यक्षात एकही गोळी सुटली नाही, पण तेव्हाचा सूर काय होता ते कळतं. बोटीवर रायफल बाळगणारे लोक दिसेल त्या ओर्कावर गोळी झाडत आणि त्यात कुणाला गैर वाटत नसे.

१९६४मध्ये व्हँकूव्हरच्या मत्स्यालयाने एका शिल्पकाराला ओर्का मारून आणायला पाठवलं, कारण त्यांना हुबेहूब पुतळा हवा होता. हार्पून लागला, पण प्राणी मेला नाही. म्हणून त्याला ओढत शहरात आणलं. 'मोबी डॉल' नाव ठेवलं, आणि तो नर होता हे मेल्यावर समजलं. जेमतेम तीन महिने जगला, पण तेवढ्यात लोकांना दिसलं की हा राक्षस माणसाच्या हातून मासा घेऊन खातो. भीती गेली आणि तिच्या जागी धंदा आला. जाळी लावून ओर्का पकडायचे, पिल्लं वेगळी काढायची, जगभरच्या मत्स्यालयांना विकायची. किती पकडले तर चालतील? उत्तर सोपं वाटत होतं: समुद्रात हजारो आहेत, चिंता कसली!

हा 'हजारो' आकडा कुठून आला, यात मला सगळ्यात जास्त रस आहे. कोणी खोटं बोलत नव्हतं. ओर्का दिवसाला शंभर किलोमीटर सहज कापतो. सकाळी दीपगृहावरच्या माणसाला वीस दिसले, दुपारी मच्छीमाराला वीस, संध्याकाळी नांगर टाकून चहा पिणाऱ्या जोडप्याला वीस. बेरीज साठ, प्राणी वीसच. आमच्या धंद्यात याला डुप्लिकेट एन्ट्री म्हणतात. युनिक आयडी नसेल तर कितीही डेटा जमवा, आकडा फुगतच जातो.

नानायमोच्या संशोधन केंद्रातल्या मायकेल बिग यांनी यावर काढलेला उपाय अगदी साधा होता. सगळ्यांनी एकाच दिवशी मोजायचं. मच्छीमार, दीपगृहांवरचे कर्मचारी, फेरीबोटी, खासगी बोटवाले अशा हजारो लोकांना फॉर्म पाठवले गेले. किती दिसले, कुठे, कधी, एवढंच लिहायचं. ठरलेला दिवस २६ जुलै १९७१. इंटरनेट नाही, जीपीएस नाही, भरलेले फॉर्म टपालाने परत. सगळं जुळवल्यावर बिग यांचा अंदाज आला दोनशे ते साडेतीनशे. हजारो नव्हेत, फार तर साडेतीनशे.

अनेकांचा विश्वास बसला नाही. मग बिग आणि त्यांचे सहकारी आयडीच्या मागे लागले. प्रत्येक ओर्काच्या पाठीवरच्या पराचा आकार, त्यावरच्या खाचा आणि मागचा खोगिरासारखा राखाडी डाग वेगळा असतो, हे त्यांनी फोटोंवरून दाखवून दिलं. यादीतला पहिला क्रमांक, ए१, एका मादीला मिळाला. तिचा पर अर्धा तुटलेला होता, बहुधा एखाद्या बोटीच्या पंख्याने.

फोटोंमुळे आणखी एक गोष्ट बाहेर आली. हा एक कळप नव्हताच. मासे खाणारे ओर्का वेगळे, सील खाणारे वेगळे, आणि दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. मासे खाणाऱ्यांतही उत्तरेचे आणि दक्षिणेचे निराळे. दक्षिणेच्या तीन टोळ्या, जे, के आणि एल, मिळून सत्तरच्या आसपास उरल्या होत्या, आणि पकडलेली पिल्लं बहुतेक त्यांचीच होती. ओर्का मादी सतरा महिने गाभण असते आणि काही वर्षांतून एकदाच विते. कंपनीने एका वर्षी अख्खी ज्युनिअर बॅच काढून टाकावी, तसं झालं होतं. पाच-दहा वर्षांनी सीनिअर कुठून येणार?

१९७६नंतर या भागातली धरपकड थांबली. त्याआधी, १९७०मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्हमध्ये पकडलेली टोकीटे मायामीच्या टाकीत पन्नासहून जास्त वर्षं राहिली. ती ऑगस्ट २०२३मध्ये तिथेच गेली. दक्षिणेच्या टोळ्या आजही सत्तरीतच अडकल्या आहेत. आता अडचण आहे ती कमी झालेल्या चिनूक सॅमनची, पाण्यातल्या रसायनांची आणि बोटींच्या आवाजाची. ओर्का आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासा शोधतो. जवळ इंजिन घरघरत असेल तर त्याला समोरचा घास सापडत नाही.

म्हणून २०२५पासून वॉशिंग्टनमध्ये या दक्षिणेच्या ओर्कांपासून हजार यार्ड, म्हणजे साधारण नऊशे मीटर, लांब राहणं खासगी बोटींना बंधनकारक आहे. सिएटलला नोकरी करणारे आपले बरेच लोक शनिवार-रविवारी तिथे बोटीवर जातात. जवळून व्हिडिओ मिळाला नाही अशी कुरकुर त्यांच्याकडून कानावर येते. एवढ्या लांबून ओर्काचा पर म्हणजे पाण्यावरची काळी रेघ. ती जेची की एलची, नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.