धुक्यात उडायचे की नाही, हे कोण ठरवणार?

१५ मे १९१८ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये विमानटपाल सुरू झाली. काही महिन्यांतच टपाल खात्याने ती सेवा स्वतःच्या हाती घेतली. विमाने लाकूड-कापडाची, वैमानिकाची बैठक उघडी, हवामानाचा अंदाज जुजबी. तरीही टपाल वेळेवर निघालेच पाहिजे, असा खात्याचे वरिष्ठ अधिकारी ऑटो प्रेगर यांचा आग्रह होता.

धुक्यात उडणे इतके धोक्याचे का असते? आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रवाच्या हालचालीमुळे आपल्याला वळल्याची जाणीव होते. मात्र वळण एकाच वेगाने चालू राहिले, तर काही वेळाने ही जाणीव नाहीशी होते. एरवी क्षितिज पाहून डोळे ही चूक सुधारतात. धुक्यात तो आधार जातो. विमान कलून खाली घसरत असले, तरी वैमानिकाला आपण सरळ चाललो आहोत असेच वाटते.

जुलै १९१९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्क मैदानावर दाट धुके पसरले होते. लिऑन स्मिथ आणि हॅमिल्टन ली या वैमानिकांनी उड्डाणास नकार दिला. दोघांनाही कामावरून काढून टाकण्यात आले. तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी संप पुकारला. काही दिवसांतच तडजोड झाली. हवेबद्दल मतभेद झाल्यास मैदानाच्या व्यवस्थापकाने स्वतः विमानातून वर जाऊन खात्री करावी, असे ठरले. हुकूम देणारा आता धोक्याचा वाटेकरी झाला. लीला परत घेतले. स्मिथची नोकरी मात्र गेली ती गेलीच.

पुढे विज्ञानाने धुक्यावर उपाय शोधला. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल यांनी बाहेर न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवून पुन्हा उतरवले. त्यांत भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारे कृत्रिम क्षितिजही होते. पण वैमानिकाचा थकवा दाखवणारा काटा त्या फलकावर नव्हता. त्यासाठी नियमच हवा होता.

१९३१ मध्ये डेव्हिड बेंकी यांच्या नेतृत्वाखाली शिकागोत ‘एअर लाइन पायलट्स असोसिएशन’ स्थापन झाली. नोकरी जाण्याच्या भीतीने सुरुवातीचे सभासद गुप्तपणे जमवावे लागले. १९३४ मध्ये राष्ट्रीय श्रम मंडळाने महिन्याला जास्तीत जास्त ८५ तास उड्डाणाची मर्यादा घातली. १९३८ च्या विमान वाहतूक कायद्याने हा निर्णय उचलून धरला.

संघटनेचे प्रत्येक म्हणणे बरोबरच असते असे नाही. छोट्या जेट विमानांतही तिसरा कर्मचारी हवाच, असा याच संघटनेचा आग्रह होता. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीने पुरावे तपासून दोघे पुरेसे असल्याचा निष्कर्ष काढला, आणि संघटनेने तो मान्य केला.

थकव्याचा प्रश्न आपल्याकडेही आहे. भारतात जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारे नियम जाहीर झाले. त्यांची अंमलबजावणी लांबली. वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात पाठपुरावा केला, आणि २०२५ मध्ये ते टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागले.

विमानाच्या इतिहासात आपण पंख आणि इंजिने शिकवतो. ‘आज उडणार नाही’ असे एकट्याने म्हणणाऱ्याची नोकरी जात असे. तेच सर्वांनी मिळून म्हटले तेव्हा त्याचा नियम झाला. हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.