हौशी आणि व्यावसायिक गोल्फ

हौशी आणि व्यावसायिक गोल्फ हे गोल्फ या खेळाचे दोन स्तर आहेत. नियमांच्या दृष्टीने त्यांतील भेद मोबदल्याचा आहे, तर मैदानावर तो स्विंगची घडण, फटक्यांतील सातत्य, अंतरावरील ताबा व खेळाची आखणी यांतून दिसतो. दोन्ही स्तरांवरील खेळाडू एकाच नियमावलीने आणि बहुतांशी सारख्याच साधनांनी खेळतात. त्यामुळे त्यांच्या खेळाची थेट तुलना करता येते.

हौशी दर्जा

गोल्फमध्ये 'हौशी' हा शब्द कौशल्याचा निदर्शक नाही. अमेरिकेचे बॉबी जोन्स आपल्या स्पर्धात्मक कारकिर्दीत हौशीच राहिले आणि १९३० मध्ये त्यांनी एकाच वर्षात त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. पुरुषांची प्रमुख खुली स्पर्धा जिंकणारे शेवटचे हौशी खेळाडू म्हणजे १९३३ च्या यूएस ओपनचे विजेते जॉनी गुडमन.

हौशी दर्जाचे नियम आर अँड ए आणि युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन या संस्था ठरवतात. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार हँडिकॅपविना खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत हौशी खेळाडूला ७०० पौंड किंवा १,००० अमेरिकी डॉलरपर्यंतचे बक्षीस स्वीकारता येते. मर्यादेपलीकडचे बक्षीस घेणे, व्यावसायिक म्हणून स्पर्धेत उतरणे किंवा मोबदला घेऊन खेळ शिकवणे यांमुळे हौशी दर्जा जातो. शिकवण्याच्या बाबतीत काही अपवाद आहेत. जानेवारी २०२४ मध्ये निक डनलॅप यांनी हौशी असताना पीजीए टूरवरील स्पर्धा जिंकली, तेव्हा विजेत्याची रक्कम त्यांना घेता आली नाही.

सर्वसाधारण हौशी खेळाडूची पातळी हँडिकॅपने मोजली जाते. २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांचा आधार घेतला जातो. हँडिकॅपची कमाल मर्यादा ५४ आहे. व्यावसायिक स्पर्धांत हँडिकॅपची सवलत नसते.

स्विंगमधील फरक

हालचालींचा क्रम

ॲलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्ज यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासग्रंथात स्विंगचे वर्णन दुहेरी लंबकाच्या प्रतिमानाने केले. हात हा त्यातील पहिला लंबक व क्लब हा दुसरा. व्यावसायिकाच्या खाली येणाऱ्या स्विंगमध्ये हालचाल पायांपासून सुरू होते. प्रथम कंबर लक्ष्याच्या दिशेने वळते, मग छाती, नंतर हात आणि सर्वांत शेवटी क्लब. प्रत्येक अवयव आपला वेग कमी करताना पुढच्या अवयवाला वेग देतो. मनगटांचा कोन शेवटच्या क्षणापर्यंत टिकून राहिल्यामुळे क्लबचे टोक चेंडूजवळच सर्वाधिक वेगात असते.

हौशी खेळाडूंमध्ये हा क्रम बहुधा उलटतो. ताकद लावण्याच्या नादात खांदे व हात आधी फिरतात, मनगटे लवकर सुटतात आणि चेंडूपर्यंत पोहोचण्याआधीच वेग खर्ची पडतो. लयीतही फरक आढळतो. अव्वल खेळाडूंच्या स्विंगमध्ये क्लब मागे नेण्यास लागणारा वेळ खाली आणण्याच्या वेळेच्या सुमारे तिप्पट असतो. फटका लहान असो वा मोठा, त्यांच्या एकूण लयीत फारसा बदल होत नाही.

वेग आणि आघात

पीजीए टूरवरील खेळाडूंच्या ड्रायव्हरचा सरासरी वेग ताशी सुमारे १८० किलोमीटरच्या पुढे असतो, तर सर्वसाधारण हौशी पुरुष खेळाडूचा वेग सुमारे १५० किलोमीटर. फटक्याच्या लांबीत मात्र याहून मोठी तफावत पडते, कारण व्यावसायिकाचा चेंडू क्लबच्या मध्यभागी अधिक वेळा लागतो आणि वेगाचे रूपांतर अंतरात होते. एलपीजीए टूरवरील महिला खेळाडूंच्या क्लबचा सरासरी वेग सामान्य हौशी पुरुषाइतकाच असतो. तरीही त्यांचे फटके अधिक दूर व सरळ जातात. यावरून केवळ ताकद हे या तफावतीचे कारण नाही, हे स्पष्ट होते.

आयर्नच्या फटक्यात व्यावसायिकाचा क्लब खाली येत असतानाच चेंडूला लागतो आणि गवताचा तुकडा चेंडूच्या पुढच्या जागेतून निघतो. हौशी खेळाडू अनेकदा चेंडू उचलून हवेत घालण्याचा प्रयत्न करतो. त्यामुळे क्लब चेंडूमागच्या जमिनीत रुततो किंवा चेंडूच्या माथ्याला घासून जातो. वास्तविक चेंडू वर नेण्याचे काम क्लबच्या तिरप्या पृष्ठभागाचे असते. विटीदांडूत उडवलेली विटी आणि क्रिकेटमध्ये धावून येणारा चेंडू हे हलते लक्ष्य असते. गोल्फचा चेंडू स्थिर असतो. स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू कोठे यावा, हे खेळाडूलाच दर वेळी अचूक साधावे लागते.

दिशा

चेंडू कोणत्या दिशेने निघेल, हे मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबचा पृष्ठभाग कोणीकडे आहे यावर ठरते. तो हवेत किती वळेल, हे पृष्ठभागाची दिशा व स्विंगचा मार्ग यांतील फरकावर अवलंबून असते. उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी खेळाडूचा क्लब बाहेरून आत येतो व पृष्ठभाग त्या मार्गाच्या मानाने उघडा राहतो, तेव्हा चेंडू उजवीकडे वळतो. 'स्लाइस' हा नवशिक्यांचा सर्वपरिचित दोष असाच निर्माण होतो. चेंडू उजवीकडे जातो म्हणून खेळाडू आणखी डावीकडे स्विंग करू लागतो आणि दोष कमी होण्याऐवजी वाढतो. व्यावसायिकाचे फटकेही चुकतात, पण त्यांची चूक बहुधा ठरावीक बाजूला व मर्यादेत राहते.

गुण कोठे गमावले जातात

व्यावसायिक खेळाडू पटिंगच्या बळावर पुढे असतात, असा समज दीर्घकाळ रूढ होता. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी प्रत्येक फटक्याच्या नोंदींवरून त्याची तपासणी केली. 'एव्हरी शॉट काउंट्स' (२०१४) या पुस्तकातील त्यांच्या निष्कर्षानुसार व्यावसायिक व हौशी यांच्या गुणसंख्येतील सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांमुळे पडतो.

पटिंगमध्ये फरक नाही, असा याचा अर्थ होत नाही. पीजीए टूरवरील खेळाडू सुमारे ८ फुटांवरून निम्मे पट यशस्वी करतात. ९० च्या आसपास गुणसंख्या असणारा हौशी खेळाडू सुमारे ५ फुटांवरून तेवढे यश मिळवतो. मात्र २० फुटांवरून व्यावसायिकही साधारण सातांपैकी एकच पट घालू शकतो. लांब पटमध्ये त्याचे कौशल्य अंतराच्या अंदाजात दिसते. त्याचा चेंडू होलजवळ थांबतो आणि तिसऱ्या पटची वेळ क्वचित येते.

खेळाची आखणी

व्यावसायिक खेळाडू प्रत्येक क्लबने चेंडू किती अंतर हवेतून जातो हे जाणतो आणि आपल्या फटक्यांचा नेहमीचा पसारा गृहीत धरून लक्ष्य निवडतो. ध्वज पाण्याच्या किंवा बंकरच्या कडेला असेल, तर तो ग्रीनच्या मध्याकडे नेम धरतो. झाडांत गेलेला चेंडू तो बहुधा आडवा काढून फेअरवेवर आणतो. हौशी खेळाडू आपल्या सर्वोत्तम फटक्याचे अंतर हेच नेहमीचे अंतर मानतो. त्यामुळे त्याचे फटके ग्रीनच्या अलीकडे पडतात आणि फांद्यांमधून काढलेल्या धाडसी फटक्याने एका चुकीच्या दोन होतात.

दोघांवरील ताणही वेगळा असतो. बहुतेक व्यावसायिक स्पर्धांत दोन फेऱ्यांनंतर निम्मे खेळाडू बाद होतात व त्यांना सहसा काहीच रक्कम मिळत नाही. प्रवास, निवास व कॅडीचा खर्च मात्र द्यावाच लागतो. एका फटक्याच्या फरकाने आठवड्याची कमाई जाऊ शकते.

दुखापती

कंबरदुखी दोन्ही स्तरांवर आढळते. व्यावसायिकांमध्ये तिचे मुख्य कारण अतिसराव हे असते. हौशी खेळाडूंमध्ये सदोष स्विंग, तयारीविना खेळणे व शरीराच्या लवचिकतेचा अभाव ही कारणे अधिक असतात. हाताच्या कोपरावर येणारा ताणही हौशी खेळाडूंमध्ये नेहमी आढळतो.

भारत आणि महाराष्ट्र

मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब स्थापन झाला. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब आणि पुण्यात येरवड्याचे पूना क्लबचे मैदान ही राज्यातील परिचित मैदाने आहेत. क्लबचे सदस्यत्व मर्यादित असल्याने हौशी खेळ दीर्घकाळ सुस्थित वर्ग व लष्करी अधिकारी यांच्यापुरता राहिला, तर अनेक व्यावसायिक खेळाडू कॅडींमधून पुढे आले.

इंडियन ओपन स्पर्धेचा इतिहास या दोन्ही प्रवाहांचा निदर्शक आहे. १९६४ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा १९६५ मध्ये प्रेम गोपाल सेठी यांनी हौशी खेळाडू म्हणून जिंकली. त्यानंतर १९९१ पर्यंत कोणीही भारतीय विजयी झाला नाही. त्या वर्षी जिंकणारे अली शेर हे पूर्वी दिल्लीत कॅडी होते. २००६ मध्ये प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि देशांतर्गत व्यावसायिक स्पर्धांना नियमित स्वरूप आले.

पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी यांना लष्करात डॉक्टर असलेल्या वडिलांकडून खेळाचे प्राथमिक धडे मिळाले. २००७ मध्ये ते व्यावसायिक झाले आणि २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवे आले. पुण्याचे उदयन माने यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये लाहिरींसह भारताचे प्रतिनिधित्व केले.