नसलेल्या फाइलची मागणी

(वेळा ग्रीनिचच्या. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे.)

१८ जून २००१ : मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस वेब सर्व्हरमधलं भोक जाहीर झालं, पॅचही त्याच दिवशी आला. डॉट आयडीए एक्स्टेन्शनची मागणी आली की सर्व्हर ती इंडेक्सिंगच्या एका डीएलएलकडे सोपवायचा. यूआरएल लांबलचक असली की तिथला बफर ओसंडायचा. गंमत अशी, की इंडेक्सिंगची सेवा बंद ठेवूनही उपयोग नव्हता. एक्स्टेन्शनची त्या डीएलएलशी जोडणी, म्हणजे मॅपिंग शिल्लक असलं की संपलं. पॅच लांबणीवर टाकणाऱ्यांनी नुसतं ते मॅपिंग काढलं असतं, तरी निभावलं असतं.

१२ जुलै : त्याच भोकातून शिरणारा वर्म फिरू लागला. संशोधकांनी स्वतः पीत असलेल्या कोल्ड्रिंकवरून त्याला नाव दिलं, कोड रेड. पत्ते निवडण्याचं त्याचं गणित कच्चं होतं. प्रत्येक प्रत तीच यादी चाळायची, त्यामुळे तो फार पसरला नाही.

१९ जुलै, सकाळी १० : गणित दुरुस्त केलेली आवृत्ती सुटली. मागणी तीच : ‘डिफॉल्ट डॉट आयडीए’, पुढे प्रश्नचिन्ह, मग ओळीने २२४ वेळा ‘एन’ आणि शेवटी घातक कोड. या नावाची फाइल सर्व्हरवर असायचीही गरज नव्हती!

११ ते दुपारी ४:३० : आलेख उभा चढला. घुसलेल्या प्रत्येक सर्व्हरवर शंभर थ्रेड. ९९ नवी सावजं शोधणारे, शंभरावा इंग्रजी सर्व्हरच्या पानांवर ‘हॅक्ड बाय चायनीज’ झळकवणारा. ऐन भरात मिनिटाला दोन हजारांहून जास्त नवे सर्व्हर बाधित होत होते. सिस्कोचे काही डीएसएल राउटर ही मागणी येताच ठप्प झाले. अपाचीच्या लॉगमध्ये मात्र तीच ओळ आणि पुढे ४०४. विषय संपला.

मध्यरात्रीपूर्वी : वर्मचं पुढचं लक्ष्य व्हाइट हाउसची साइट. पण कोडात नाव नव्हतं, थेट आयपी पत्ता होता. साइट दुसऱ्या पत्त्यावर हलवली गेली.

२० जुलै, ००:०० : प्रसार थांबला, हल्ल्याची वेळ झाली, पण जुन्या पत्त्यावर कुणीच नव्हतं. व्हाइट हाउस वाचलं. तोवर ३,५९,००० संगणक बाधित झाले होते.

४ ऑगस्टला कोड रेड-दोन याच भोकातून शिरला, मागचं दार उघडं ठेवणारा. मायक्रोसॉफ्टने नको ती एक्स्टेन्शन अडवणारं यूआरएलस्कॅन आणलं ते यानंतर. २००३च्या आयआयएस ६ मध्ये अनोळखी एक्स्टेन्शनला ४०४ हे उत्तर मुळातच ठरलेलं होतं.

तुमच्या सर्व्हरवरच्या मॅपिंगची यादी आज काढा. ज्या एक्स्टेन्शनचं काम टीममधल्या कुणालाच सांगता येत नाही, ते बंद करा.