तळटीप : ‘पवित्रीकरण’

१. पवित्रीकरण : वणीच्या आठवणींतला हा शब्द मेथडिस्ट पंथप्रवर्तक जॉन वेस्लीच्या अर्थाने घ्यावा. यवतमाळ जिल्ह्यात (१९०५पर्यंत ‘वणी जिल्हा’) रुजलेली फ्री मेथडिस्ट मंडळी त्याच परंपरेतली. माणूस विश्वासानेच नीतिमान ठरतो, हे धर्मसुधारक लूथरप्रमाणे त्यांनाही मान्य. पण लूथरच्या मते तो मरेपर्यंत नीतिमानही असतो आणि पापीही. वेस्लीपंथीयांना मात्र याच जन्मी अंतःकरण शुद्ध होण्याची खात्री वाटते. या शुद्धीची गल्लत मात्र अन्यभाषांशी, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने उच्चारलेल्या अनोळखी भाषांशी, करू नये. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात १९०५मध्ये संजीवन (धार्मिक जागृती) सुरू झाले. पुढे तिथे अन्यभाषाही ऐकू आल्या. अनेक पेंटेकोस्टल मंडळ्या अन्यभाषेला आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण मानतात. फ्री मेथडिस्ट मानत नाहीत. तेव्हा आठवणींतले ‘आत्म्याने भरलेला’ हे शब्द वाचकांनी अन्यभाषेशी नव्हे, अंतःकरणाच्या शुद्धीशी जोडावेत.