भीमेच्या दोन काठांचा नांगर

भीमेच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. मधे एकच नदी, पण दोन्ही काठांवर शेतकऱ्याची गरज वेगळी. शिरूरचा बराच भाग पूर्वापार जिरायती, ज्वारी-बाजरीचा. दौंडकडे, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा पाटसपर्यंत आला आणि उसाची वाट मोकळी झाली.

नांगर तेव्हा बाभळीच्या लाकडाचा असे. तो गावचा सुतार घडवी, झिजलेला फाळ लोहार ठोकून देई आणि दोघांना खळ्यावर बलुते मिळे. रोख पैशाचा प्रश्नच नव्हता. हा नांगर जमीन फाडतो, पण उलटत नाही. भारी काळ्या रानात बैलांच्या चार-चार जोड्या जुंपूनही हरळी-कुंद्याची मुळे खाली शाबूत राहत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला तो याच अडचणीवर. तो माती पालथी घालून मुळे उघडी पाडी. तरी गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ दख्खनने नुकतेच सोसले होते. बैल मेले होते, कर्ज वाढले होते. एक हंगाम हुकला तर जमीन सावकाराकडे जाण्याची भीती असणारा माणूस अनोळखी अवजारावर पैसे लावायला कचरणारच.

ही तंगी किती खोल होती, ते शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकच्या पाहणीत दिसते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले हॅरॉल्ड मान यांनी ना. वि. कानिटकरांसोबत केलेली ही पाहणी १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. जमीन, जनावरे, कर्ज यांचा हिशेब मांडल्यावर बहुतेक कुटुंबांचे नुसत्या शेतीवर भागत नाही, असे आढळले. अवजाराच्या कारखानदाराला याहून मोलाची माहिती क्वचितच मिळाली असती.

किर्लोस्करांनी एका नांगरावर भिस्त ठेवली नाही. कडबा कापण्याचे यंत्र त्यांनी नांगराआधीच केले होते; चारा टंचाईच्या मुलखात कुट्टीमुळे कडब्याची नासाडी वाचते. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसल्यावर उसाचे लोखंडी चरकही तिथे बनू लागले. लाकडी चरकात चिपाडात बराच रस राहून जाई, त्यामुळे गुऱ्हाळवाल्याला लोखंडी चरकाचा फायदा त्याच हंगामात काहिलीत दिसे. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाली, तीही कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठी.

खोल नांगरट उसाच्या भारी रानाला हवी होती. हलक्या जिरायत रानाला दरसाल पालथे घालण्याची गरज नसते. तिथे कुळव आणि पाभर पुरते. म्हणून लोखंडी नांगर सर्वत्र माहीत झाल्यावरही जिरायत गावांत सुताराने घडवलेली ही दोन अवजारे ट्रॅक्टर येईपर्यंत चालत राहिली.