खडूच्या रिंगणाची कुळकथा

न्यायाधीशाने भूमीवर रेघ ओढावी, वादातले मूल तिच्यावर ठेवावे आणि मातृत्वाचा दावा सांगणाऱ्या दोघींना त्याला आपापल्या बाजूस ओढण्याचे फर्मान द्यावे, ही न्यायपरीक्षा फार प्राचीन आहे. आणि तिचे मूळ शोधू पाहणाऱ्या पिंपळगाव रेणुकाईच्या जिज्ञासूस पहिला पुरावा पाहण्याकरिता अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे जाण्याचे कारण नाही. वाकाटक राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरविलेल्या तेथील सोळाव्या लेण्यात महाउम्मग्ग जातकाची चित्रे आहेत. या जातकात एक यक्षिणी परक्या मुलावर हक्क सांगते. जातकाचा नायक महोसध पंडित रेघ ओढून दोघींना मूल ओढावयास सांगतो. ते कळवळून रडू लागताच जी हात सोडते, तीच माता ठरते. ज्या भोकरदन तालुक्यात पिंपळगाव मोडते, ते भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांची आणि भारहुत येथील शिलालेखांत आढळतात, आणि त्या भारहुतच्या शिल्पांत याच महोसधाच्या चातुर्याचा एक वेगळा प्रसंग कोरलेला आहे.

शलमोन राजाच्या बायबलातील कथेत रेघेच्या जागी तलवार येते. चीनमध्ये युआन राजवटीतील ली शिंगदाओ याच्या नाटकात रेघेचे वर्तुळ होते आणि निवाडा बाओ नावाच्या न्यायाधीशाकडे जातो. हे नाटक 1832 मध्ये फ्रेंच भाषेत उतरले आणि 1925 मध्ये क्लाबुंड या कवीने त्याला जर्मन रूप दिले. तथापि येथपर्यंतच्या सर्व निवाड्यांत एक गोष्ट अबाधित राहिली: प्रसविणारी तीच खरी माता, आणि न्यायाधीशाचे काम केवळ तिला ओळखून काढण्याचे.

हे गृहीत उलथून पडले ते यादवीने. नाझी राजवटीमुळे परागंदा झालेल्या बर्टोल्ट ब्रेख्टने प्रथम तीस वर्षांच्या युद्धाच्या पार्श्वभूमीवर एक कथा लिहिली आणि पुढे 1944 मध्ये, अमेरिकेत असताना, तीच कल्पना कॉकेशसमधील ग्रुझिनियाच्या यादवीत नेऊन तिचे नाटक केले. सरदारांच्या बंडात सुभेदाराचा शिरच्छेद होतो. त्याची पत्नी उंची वस्त्रांच्या निवडीत गुंतून तान्ह्या मुलाला मागे टाकून पळते. आणि ग्रुशा नावाची दासी ते मूल उचलून, डोंगरदऱ्या तुडवीत, स्वतःच्या अब्रूची आणि सुखाची किंमत मोजून त्याला वाढविते. शांतता होताच जन्मदात्री वारसाहक्काच्या इस्टेटीसाठी मुलावर दावा लावते. या फिर्यादीचा फैसला करावयास बसतो तो अझ्दाक: आपल्याकडील कुळकर्ण्याच्या धर्तीचा एक गावलेखक, ज्याला बंडाळीच्या गोंधळात सैनिकांनी न्यायासनावर चढविलेले असते. खडूच्या वर्तुळात ग्रुशा दोन्ही वेळा मुलाचा हात सोडते, आणि मूल तिला मिळते.

हे नाटक मराठीत आले ते चिं. त्र्यं. खानोलकरांच्या लेखणीतून, ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने. 1970 नंतरच्या दशकात विजया मेहता यांनी वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने ते लोकनाट्याच्या वळणावर उभे केले, आणि ते पूर्व जर्मनीतही सादर झाले. परदेशातील यादवीचे हे कथानक मराठी प्रेक्षकाला परके वाटू नये याचे कारण नाटकाच्या मूळ उपोद्घातात आहे. तेथे दोन सामुदायिक शेतसंस्थांमध्ये एका खोऱ्यावरून तंटा आहे. पूर्वापार वहिवाट सांगणारे मेंढपाळ मागे सरतात, आणि पाणी आणून फळबागा फुलविण्याची योजना आखणाऱ्यांकडे जमीन जाते.

मूल वाढविणारीचे आणि भूमी पिकविणाऱ्याची, हा विचार मराठवाड्यात नाटकाच्या आधीच पोहोचला होता. निजामी राजवट संपल्यानंतर दोन वर्षांच्या आत, 1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याने ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा निर्माण केला आणि कसणाऱ्याचा हक्क दप्तरात नोंदला जाऊ लागला. जातकातील पंडिताला अस्तित्वात असलेला हक्क फक्त हुडकावयाचा होता. अझ्दाकाने नवा हक्क निर्माण केला. पण त्यासाठी ब्रेख्टला राज्य उलथावे लागले, आणि निवाडा देताच अझ्दाकही नाहीसा झाला. असा निवाडा एका लहरी मुन्सफाच्या आयुष्यापलीकडे टिकवावयाचा तर तो कायद्याच्या कलमांत आणि जमिनीच्या नोंदींच्या खासरापत्रकाच्या रकान्यांतच उतरावा लागतो.