गाळलेलें पाणी घरापर्यंत

पाणी गाळण्याची युक्ति फार जुनी आहे. परंतु गाळलेलें पाणी सबंध शहरांत घरोघरीं पोंचेपर्यंत तसेंच शुद्ध राखणें हें काम गाळण्याहून अवघड ठरलें. त्याचीच ही थोडी हकीकत.

स्कॉटलंडांतील पेस्ली गांवीं जॉन गिब यांचा कापड शुभ्र करण्याचा कारखाना होता. १८०४ सालीं त्यांनीं कारखान्यासाठीं वाळूंतून पाणी गाळण्याची सोय केली आणि उरलेलें पाणी गाड्यांवरून गांवांत विकलें. ज्याच्या खिशांत पैसा नसे, त्याला अर्थात् नदी मोकळी होतीच! पुढें तीनच वर्षांनीं ग्लासगो शहरांत गाळलेलें पाणी नळांनीं खेळूं लागलें.

नळ आले, पण बहुतेक शहरांत ते दिवसाचा बराच वेळ कोरडे असत. कंपनीचा माणूस येऊन कळ फिरवी, तेवढ्या वेळांत घरोघरच्या टांक्या भरून घ्यावयाच्या. येथेंच खरी मेख आहे. भरलेल्या नळाच्या सैल सांध्यांतून पाणी बाहेर झिरपतें. नळ रिकामा झाला म्हणजे त्याच सांध्यांतून भोंवतालची घाण आंत शिरते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथें टॉमस हॉक्स्ले या तरुण इंजिनीअरनें १८३१ सालीं नळ अहोरात्र दाबाखालीं भरलेले ठेवून दाखविले. अशानें खर्च वाढेल ही इतरांची भीति त्यानें पुढें सरकारी चौकशी मंडळापुढें साक्ष देऊन खोडून काढली.

धोका केवळ नळांतच नसे, वाटेवरील तळ्यांतही असे. लंडनमध्यें १८५२ च्या कायद्यानें घरगुती वापराचें पाणी गाळणें आणि गाळलेल्या पाण्याचे सांठे झांकणें कंपन्यांवर बंधनकारक केलें. तरीही १८६६ सालीं पूर्व लंडनमध्यें पटकीनें थैमान घातलें. त्या सांथींत लंडनमध्यें साडेपांच हजारांहून अधिक माणसें दगावलीं. न गाळलेलें पाणी आम्ही देतच नाहीं, असें तेथील कंपनीचा इंजिनीअर वर्तमानपत्रांतून ठासून सांगत होता. इतक्यांत दोन ग्राहकांच्या नळांत वाम मासे सांपडले. वाळूच्या थरांतून मासा कसा गाळून येणार? उघड्या तळ्यांतील पाणी नळांत सोडलें गेलें होतें, हें चौकशींत बाहेर आलें.

लंडनला अहोरात्र पाणी मिळावयास शतकाची अखेर उजाडली. मुंबईच्या पुष्कळ भागांत मात्र आजही पाणी ठराविक वेळींच येतें. भांडुपच्या केंद्रांत तें शुद्ध होतें, वाटेंत घाण मिसळल्यास उपाय म्हणून त्यांत थोडें क्लोरीनही शिल्लक ठेवतात. पण नळ सुटतांच पहिलें गढूळ पाणी गृहिणी अजून मोरींत सोडून देते.